उपसेल त्याची जागा

प्रिय लोडीताई,

तुझ्या दोन्ही गालांचा एकेक पापा. शाळेत सिस्टर पर्पेच्युआंनी आपल्याला शिकवलं होतं, की पत्राचा पहिला परिच्छेद समोरच्याच्या तब्येतीसाठी राखावा आणि आपलं रडगाणं दुसऱ्यात सुरू करावं. तेव्हा आधी सांग, कंबर कशी आहे? आणि भावजींचं ऐकायचं यंत्र सापडलं का? (नसेल तर त्यांच्या कानातच एकदा बघ. मागच्या खेपेला तिथंच होतं.) फ्लोरिडात तुम्ही ऐन थंडीत अर्ध्या बाह्यांचे कपडे घालता हे वाचून माझा जळफळाट झाला. तो व्हावा म्हणूनच तू लिहिलं होतंस, म्हणून मुद्दाम कळवते.

तुझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय आणि मी हे घर विकून केव्हा येते, असं तू पुन्हा विचारलंयस. त्याचं उत्तर देतेच. पण त्याआधी नॅडीनचं सांगायला हवं, कारण ह्या पोटनिवडणुकीत माझ्या धर्मकन्येला मी जवळजवळ पाडलंच होतं. मी म्हणजे मी नव्हे, आईची पिवळी खुर्ची.

आपल्या बालमैत्रिणीची, आयरीनची, ही मुलगी बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या हातात असं भोकाड पसरून रडली होती, की तेव्हाचे फादर म्हणाले, ही पुढारी होणार. गावची नगराध्यक्ष झाली, तिथं थांबली असती तरी भविष्य खरं ठरलं असतं. पण तिला आता वॉशिंग्टनला निवडून जायचं होतं. आयरीन आज असती तर तिनं सगळ्या गावाला बटाटा भरलेल्या पिरोग्या खाऊ घालून मतं गोळा केली असती. ती नाही, म्हणून गुडघ्याला पट्टा बांधून मी निघाले, नॅडीनच्या धोरणांचं पत्रक घेऊन. पत्रक कसलं, जेवणाच्या टेबलावर अंथरावं एवढं! प्रत्येकाला डॉक्टर. पोट भरेल एवढी मजुरी. वाचनालय रविवारीही उघडं. नदी इतकी स्वच्छ, की तीत पोहता यावं. (ताई, आपल्या लहानपणी नदीचा जो रंग असायचा, तो मी पुढे फक्त खोकल्याच्या औषधात पाहिला.) कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेले आपले म्हातारे डॉक्टरच्या मुद्द्यावर माना डोलवायचे, मजुरीच्या मुद्द्यावर मला आत बोलवायचे, आणि नदी येईपर्यंत माझ्यापुढे अक्रोडाच्या रोलचा दुसरा तुकडा आलेला असायचा. पुरोगामी राजकारण मला चांगलंच अंगी लागलं.

एक समोरचा स्टॅश तेवढा बधला नाही. बायको, वान्डा, गेल्यापासून त्याला घरात भांडायला कुणी नाही, म्हणून माझ्याशी भांडतो. (माझा ज्यो गेल्यापासून मलाही तसं कुणी नव्हतं.) त्यानं नॅडीनच्या विरोधकाची पाटी अंगणात रोवली, तीही बरोब्बर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पत्रक द्यायला गेले तर म्हणाला, “थेक्ला, सगळं फुकट! ही पोरगी उद्या ढगसुद्धा सारखे वाटायला काढेल. माझ्या बापानं जन्मात कुणाकडून फुकट घेतलं नाही.”

“आणि दिलं?”

“दिलं असेल तर सांगत फिरला नाही.”

पत्रक मात्र त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

मग फेब्रुवारीतला तो मोठा बर्फ पडला. खुर्चीचा कायदा तू तिकडच्या उन्हात विसरली नसशील अशी आशा आहे. ज्यानं घरापुढचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, त्यानं गाडी काढताना तिथं खुर्ची मांडायची, की संध्याकाळपर्यंत जागा त्याची. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, म्हणून तर सगळे पाळतात. जिच्याशी जन्माचा अबोला, तिच्या खुर्चीलाही आपण कधी बोट लावलं नाही. माझ्या जागेवर आईच्या स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची असते. (बाकीच्या तीन तू फ्लोरिडाला नेल्यास. बोलत नाही, नुसती आठवण करून दिली.) गुडघा बिघडल्यापासून माझ्याच्यानं फावडं उचलत नाही, पण मी उठायच्या आत कुणीतरी ती जागा उपसून, वर मीठ टाकून ठेवतं. चर्चची मुलं असणार, असं धरून मी दर रविवारी त्यांच्यासाठी बिस्किटांचा डबा फादरच्या हातात देते, आणि फादर काही न बोलता तो घेतात.

अशात नॅडीनच्या पक्षानं कॅलिफोर्नियाहून एक सल्लागार पाठवला, व्हिटलॉक नावाचा. माणूस सज्जन, शिकलेला, पण त्यानं बर्फ फक्त पेल्यात पाहिलेला. मी बाजारात गेलेली असताना तो प्रचाराची गाडी घेऊन माझ्याकडे आला. रस्त्यात खुर्ची दिसली. कुणीतरी टाकून दिली असावी असं वाटून त्यानं ती उचलली, कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट ठेवली आणि त्या जागी गाडी लावली. गाडीवर नॅडीनचा हसरा चेहरा आणि खाली पत्रकातलंच वाक्य, ‘रस्ता सर्वांचा!’

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. गाडी, चेहरा, वाक्य, आणि मागं वाऱ्यानं उलथलेली, कचऱ्यात पाय वर केलेली आपल्या आईची खुर्ची.

ताई, संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतल्या खिडक्यांतून नॅडीनची पोस्टरं उतरली. शेजारणी मला भेटायला कोबी-शेवयांच्या हलुश्कीची भांडी घेऊन आल्या, घरात मयत झाल्यासारख्या. नॅडीनचा फोन आला. म्हणाली, “मावशी, डॉक्टरच्या मुद्द्यावर पडले असते तर चाललं असतं. खुर्चीवर पडतेय गं!” मी म्हटलं, मीच परवानगी दिली होती असं सांगून टाकते. (स्वर्गात सिस्टर पर्पेच्युआंनी कान टवकारले असतील.) ती म्हणाली, “खोटं नको. शुक्रवारी चर्चमध्ये मासे खायला सगळं गाव येईल, तिथं मीच बोलते.”

ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, मांस बंद नि मासे चालू, सेंट सिरिल चर्चचं तळघर, मासे तळल्याचा तो वास! त्या वासानं मला अजून शाळेचा गणवेश अंगावर असल्यासारखं वाटतं. कढईवर नेहमीप्रमाणे स्टॅश. नॅडीन आत आली तशी त्यानं झारा उगारला. “नगराध्यक्षबाई, ते डॉक्टर-बिक्टर राहू द्या. खुर्ची पाळणार की मोडणार?”

 पोरगी बाकावर चढली. माझ्या हातातली जपमाळ टेबलाखाली भराभर फिरत होती.

“रस्ता सर्वांचाच आहे,” ती म्हणाली. “ते मी खोडणार नाही.” सगळीकडून नाराजीचा हुंकार. “पण स्टॅशकाका, कारखान्यात संप केलात तेव्हा काय मागत होतात? ज्याचा घाम, त्याचा वाटा. मग बर्फाचंही तेच. उपसेल त्याची जागा! आणि ज्याच्यानं उपसवत नाही, त्याच्यासाठी गावानं उपसायचं. माझं डॉक्टरचं धोरण हेच, मजुरीचं हेच. बाकी सगळं पत्रक म्हणजे नुसता फापटपसारा.”

पिरोगीवाल्या बायकांनी डाव आपटून दाद दिली. मी डोळे पुसत होते, तेवढ्यात म्हातारी बार्बरा ओरडली, “मग थेक्लाची जागा कुणाची? तिच्या गुडघ्यानं तर उपसली नाही!”

मी ताठ मानेनं सांगितलं, चर्चची मुलं उपसतात.

फादरनी काटा खाली ठेवला. “मुलं? थेक्ला, आपल्या चर्चमधलं सगळ्यात लहान मूल एकसष्ट वर्षांचं आहे.”

“मग माझी बिस्किटं?”

“मला वाटलं, माझ्यासाठीच असतात.”

इतक्यात करपल्याचा वास आला. स्टॅशच्या कढईतला मासा आजवर कधी करपला नव्हता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्याचे कान लालबुंद.

“मला पहाटे झोप लागत नाही,” तो त्या माशाला म्हणाला. “फावडं एकदा हातात घेतलं, की समोरच्या बाजूपर्यंत जातं.”

“स्टॅशकाका!” नॅडीन बाकावरूनच म्हणाली. “दुसऱ्याचा बर्फ, आणि तोही फुकट? हा तर चक्क समाजवाद झाला!”

इतकं हसणं त्या तळघरानं युद्ध संपल्यानंतर ऐकलं नसेल. स्टॅश म्हणाला, “चूप गं पोरी. तुझ्या धोरणानं ती जागा आता माझी झाली. थेक्लाला मी वापरायला देतो.”

“भाडं काय?” बार्बरा.

“ते आमचं आम्ही बघू,” स्टॅश म्हणाला, आणि ताई, पोरगी जिंकणार की पडणार हे मी पाच मिनिटं पार विसरले. व्हिटलॉक बिचारा आईची खुर्ची पुसून, फाटकी गादी शिवून घेऊन आला होता. तिच्यावर बसायला कुणालाच धीर होईना, म्हणून तिला टेबलाच्या टोकाला मांडून आम्ही सगळे जेवलो.

बाकी सर्व ठीक. भावजींना माझी आठवण सांग, जरा मोठ्यानं.

तुझी,
थेक्ला

ता. क. पत्र तिकिटावाचून पडून राहिलं, तोवर निकाल लागला. नॅडीन आली! थोडक्या मतांनी, पण आली. चर्चची घंटा कुणी वाजवली ते फादर सांगत नाहीत. (त्यांच्या बाहीला बिस्किटाचा चुरा होता.) मत कुणाला दिलं ते स्टॅशही सांगत नाही, मतदान गुप्त असतं म्हणतो. विरोधकाची ती पाटी मात्र त्यानं उपटली आणि दव गोठू नये म्हणून रोज रात्री माझ्या गाडीच्या काचेवर ठेवतो.

ता. क. २. तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊन टाक.

ता. क. ३. खरं तर एवढं सगळं लिहिलं ते ह्यासाठी. तुझ्याकडच्या तीन पिवळ्या खुर्च्यांपैकी एक मला हवी आहे. पुढच्या हिवाळ्यापासून दोन गाड्या रस्त्याच्या ह्याच बाजूला उभ्या राहणार आहेत, आणि जोडी जुळलेली असावी असं मला वाटतं.

ता. क. ४. खुर्ची पार्सलनं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. ईस्टरनंतरचा शनिवार, सेंट सिरिल, सकाळी. पाठराखीण नॅडीन आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे आण. गाडी कुठं लावायची ह्याची काळजी करू नकोस. त्या सुमारास बर्फ नसतो हे मी स्टॅशला सांगितलं, तरी तो म्हणतो, तुझी जागा तो उपसून ठेवणार.