पल्लवीच्या मागे-मागे

७ जुलै, सोम.
अखेर पाटी लागली. 'समुपदेशन कक्ष'. खिचडीच्या शेडला लागून असलेली खोली, आत अजून तांदळाची पोती. मुख्याध्यापक साहेबांनी नारळ फोडला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. समुपदेशक कोण, तर मी! गणिताची बाई. गोंदियाला प्रशिक्षणाला जायला कुणी तयार नव्हतं म्हणून मी गेले, ते आता गळ्यात पडलं.

मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी बारसंही उरकलं. पागल खोली. दोघांना चांगलं झापलं. नाव काही जायचं नाही.

डोक्यात मात्र नववीची पल्लवी. गेल्या वर्षी सुरुवातीला फळ्यावर गणित लिहून व्हायच्या आत हिचा हात वर. आता पेपरवर नाव घालते नि कोरा देते. डबा तसाच परत नेते. विचारलं की, "काही नाही जी मॅडम." उद्या बोलावतेच.

८ जुलै, मंगळ.
प्रार्थनेनंतर माईकवरून पुकारलं. नववीची पल्लवी, समुपदेशन कक्षात ये. खेळाच्या टीमची नावं पुकारतो ना, अगदी तसं. सगळी शाळा फिदीफिदी. काय करून बसले ते तेव्हा कळलं. मूर्ख बाई!

तरी आली बिचारी. पोत्याला टेकून बसली, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत. माझी आपली बडबड चालूच. थकून गप्प झाले तेव्हा म्हणाली, "मॅडम, मले जगावंसंच नाही वाटत. तलावावर जाऊन बसतो तं वाटते..."  मग, "घरी सांगू नका."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मान कशीतरी हलवली. त्या मानेचाच राग येतोय.

प्रशिक्षणातल्या डॉक्टर मॅडमना लगेच फोन. म्हणाल्या, आजच आईला गाठा, पोरीला एकटं सोडू नका, दोन-तीन दिवसांत इकडे आणा. सरळ वर्गात जाऊन प.ला सांगितलं, हे मला लपवता येणार नाही. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

शाळा सुटल्यावर तिला स्कूटीवर घेऊन तिच्या घरी. ओट्यावर वडील आणि शेजारचे तीन-चार जण. माईकची बातमी आमच्या आधी पोचलेली. "आमची पोरगी पागल नाही जी मॅडम. धानाचा रोवणा झाला का मामाकडे धाडून देतो तिले, नागझिऱ्याकडे. शाळा पुरे झाली." बोलायची सोयच नाही. तिची आई, सुनंदाबाई, दारात उभी. जाता जाता तिच्या कानाशी एवढंच म्हटलं, आज तिला नजरेआड करू नका, जवळ घेऊन झोपा. का, ते बाईनं विचारलंच नाही. म्हणाली, "उद्या रोवणा आहे आमचा. बोलाचं असन तं बांधीत या."

तिनं विचारलं कसं नाही? हेच फिरतंय डोक्यात.

९ जुलै, बुध.
अर्धी रजा टाकली. चोरखमारा जलाशयाचं पाणी सुटलंय, धानाच्या बांध्या तुडुंब. साडी खोचून उतरले. लहानपणी मामाच्या शेतात रोवलंय, हात विसरले नव्हते. कंबर मात्र विसरली होती.

रोवण्यात बरं असतं, सगळ्या वाकलेल्या. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. सुनंदाबाईच्या शेजारची जागा धरली. प. ओळीच्या दुसऱ्या टोकाला. बाकीच्या बायांचं गाणं चाललेलं. हळूच सांगून टाकलं. तुमची पोरगी म्हणते, जगावंसं वाटत नाही.

बाईचा हात थांबला नाही. धानाच्या रोपांची पेंडी मोकळी केली, रोवत राहिली. मग म्हणाली, "मले मालूम आहे जी."

मी रोवायचं सोडून तिच्याकडे बघितलं.

"दिवाळीपासून तलावावर जाऊन बसते. मी मागे-मागे जातो. झाडाआड उभी राहतो. ते उठली का मी दुसऱ्या वाटेनं घरी येतो, चूल पेटवतो. तिले दिसू देत नाही."

"मग सांगितलं काऊन नाही कुणाला?" माझीही भाषा घसरली.

"कोनाले सांगू? पागल म्हनतीन. लगन कोन करन तिच्यासंगं?"

गाणं कधी थांबलं, दोघींनाही कळलं नाही. बाईचा आवाज चढला होता. पलीकडे प. सरळ उभी, दोन्ही हात चिखलाचे. आधी माझ्याकडे बघितलं. "तुमी सांगूनच टाकलं ना." मग आईकडे. "तू येत होती? रोज?"

आई वाकलेलीच. फक्त मान हलवली.

प. परत वाकली. रोवत राहिली. निघताना सुनंदाबाईला डॉक्टर मॅडमचं सांगितलं, एकदा तरी नेऊ या. घरी येऊन मी मोठ्यानं रडले.

१० जुलै, गुरु.
प. शाळेत नाही. शिपायाकडून पेचकस घेतला आणि पाटी काढली. मु.अ. लाल. "साहेब लोक भेटीला येऊन राहिले ना मॅडम, आता त्यांना काय दाखवू?" म्हटलं, पोती दाखवा. यापुढे पोरं माझ्याकडे गणित विचारायला येतील, हातपंपाजवळच्या ओट्यावर. साहेबांना शोधू दे कक्ष.

दुपारी सुनंदाबाईचा फोन. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं म्हणे.  डॉक्टर मॅडमकडे न्यायला तयार झाला, पण अट घातली. गावच्या स्टॉपवर एसटीत बसायचं नाही, पुढच्या गावच्या फाट्यावर बसायचं. कुणी विचारलं तर डोळ्याचा नंबर काढायला चाललो. शाळेचं नंतर बघू म्हणतो. मामाचं नाव काढलं नाही, पण सोडलंय असंही नाही.

प. येईल का? "ते काही बोलून नाही राहिली जी." किती वेळा घड्याळ बघितलं आज!

११ जुलै, शुक्र.
फाट्यावर खूप आधी जाऊन बसले. एक एसटी गेली. या दोघींचा पत्ता नाही.  फोन लावावा की लावू नये. मग बांधावरून येताना दिसल्या. प. पुढे, आई मागे. प. जरा चालायची की मागे वळून बघायची, आई आहे ना. मला नमस्कार नाही. एसटीत मी शेजारची जागा धरली होती, तिथं बसली नाही. बसू दे. राग आहे, तेवढं तरी आहे.

आता दवाखान्याच्या बाकावर हे लिहितेय. नुसतं बसवत नाही म्हणून. इथल्या माणसानं आत बोलावताना नाव पुकारलं नाही, जवळ येऊन सांगितलं. डॉ. मॅडम म्हणाल्या, आधी पोरगी एकटी येऊ दे. सुनंदाबाई उठलीच होती. प.नं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "तू इथीच बस. कुठी जाजो नोको." आणि आत गेली.

आई पदर मुठीत धरून बसलीय, जागची हललेली नाही. दार अजून बंद आहे.