कारणाचा रकाना

३ जुलै, गुरुवार

यादी लागली. नर्सिंगला नंबर लागला, पुण्यात, राखीव जागेतून. आईनं हातावर साखर ठेवली. पप्पांना दुकानावर फोन केला तर म्हणाले, "बरं झालं." मागे मोटारीचा आवाज. बरं झालं म्हणजे काय? माझा ताप उतरलाय का?

दादाच्या फोटोपुढे जरा वेळ उभी राहिले. तो असता तर म्हणाला असता, आता अख्ख्या कळंबला सुया टोचत फिर.

४ जुलै, शुक्रवार

जात पडताळणीच्या ऑफिसात जाऊन आले. पुण्याला जाऊन-येऊन कंबरडं मोडलं. खिडकीवरचे साहेब मात्र नीट बोलले. फाइल चाळून म्हणाले, "सख्ख्या भावाची व्हॅलिडिटी निघालीय ना? मग त्याची मूळ प्रत आणून दाखवा, तुमची त्याच दिवशी निघेल. नाहीतर आजोबा-पणजोबांपासूनचे पुरावे नव्यानं गोळा करा."

नव्यानं म्हणजे महिने जाणार. माझी व्हॅलिडिटी कॉलेजला द्यायची मुदत २१ तारीख, संध्याकाळी पाच. नाही दिली तर जागा गेली.

मूळ प्रत आहे जुन्नरला, दादाच्या कॉलेजात. त्यानं ॲडमिशनच्या वेळी जमा केली होती. तो सप्टेंबरात गेला. त्याची कागदं आणायला घरातलं कोणीच गेलं नाही. कोण जाणार होतं? कागदं आणायला जायचं म्हणजे तिथं ते वाक्य बोलायला लागणार.

मी जाईन सोमवारी.

७ जुलै, सोमवार

जुन्नर. नारायणगावपर्यंत एसटी, पुढं जीप. वाक्य पाठ केलं होतं. खिडकीत चष्म्यावाल्या मॅडम. मी म्हणाले, माझा भाऊ राहुल, एस.वाय.ला होता, सप्टेंबरात अपघातात वारला, त्याची कागदं पाहिजेत. एका दमात.

मॅडमनी संगणकावर बघितलं. मग माझ्याकडे. "सप्टेंबरात? पण परीक्षेचा अर्ज भरलाय त्याचा. ऑक्टोबरात एक, मार्चात एक."

मी म्हटलं दुसरा कोणी राहुल असेल. त्यांनी स्क्रीन फिरवली. दादाच. तोच फोटो, निळ्या शर्टातला, जो आमच्या भिंतीवर आहे. सगळ्या पेपरांपुढे गैरहजर, गैरहजर.

"रेकॉर्डला तो चालू विद्यार्थी आहे. चालू विद्यार्थ्याची मूळ कागदं बाहेर जात नाहीत. आधी प्रवेश रद्द करायला लागेल." अर्ज दिला. नोंद असलेल्या पालकाची सही पाहिजे, म्हणजे पप्पांची, आईची चालत नाही. मृत्यूचा दाखला जोडायचा. कारणाचा रकाना आहे, तिथं दाखल्याप्रमाणे कारण लिहायचं. "दुसरं काही लिहू नका. बाकी कुठल्याही कारणाला विद्यार्थी स्वतः समोर लागतो." रद्द झालं की त्याच दिवशी कागदं देते म्हणाल्या.

जीपमध्ये पुढच्या सीटवर टोमॅटोच्या क्रेटसारखे आम्ही सहाजण. रस्ताभर एकच. कोणी भरले अर्ज?

८ जुलै, मंगळवार

पप्पांनी. अजून कोण.

सकाळीच दुकानावर गेले. पप्पा एका पाणबुडी मोटारीची जळकी तार काढत बसले होते. विचारलं. हात थांबले नाहीत. "मेसेज आला व्हता मोबाईलवर, परीक्षेचा अर्ज भरा म्हणून. त्याला नंबर माझाच दिलेला. सायबरवाल्याकडं गेलो, भरला."

"पप्पा, दादा नव्हता तेव्हा."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"निकालात नाव येतं."

एवढंच. मग एक गिऱ्हाईक आलं, "काय राव, झाली का आमची मोटार," आणि पप्पा त्याच्याशी नेहमीसारखं बोलायला लागले. मी अर्ज दाखवला, सही कुठं करायची ते दाखवलं. म्हणाले, ठेव तिथं. मी वार्निशच्या डब्याखाली ठेवला.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ना.गावहून टोमॅटो निवडून आली होती, हात हिरवे-काळे. हात न धुताच बसली.

१० जुलै, गुरुवार

पौर्णिमा. आजपासून वर्षावास. विहारात ग्रंथवाचन सुरू झालं, आई पांढरी साडी नेसून गेली, मलाही नेलं. पप्पा आले नाहीत. पूर्वी पहिल्या ओळीत बसायचे.

दादासोबत लेण्याद्रीला गेलो होतो तेव्हा तो कोरीव खोल्या दाखवत म्हणाला होता, "बघ, भिक्खू पावसाळ्यापुरतं इथं ॲडमिशन घ्यायचे. होस्टेल पण फुकट." आई त्याला रागावली होती. आज वाचनात वर्षावासाचं आलं आणि मला हसू फुटलं, मग रडू. आईनं मांडीवर हात ठेवला. तिला कळलं असावं.

अर्ज अजून डब्याखालीच.

११ जुलै, शुक्रवार

भांडण. लिहून ठेवते, म्हणजे मला खोटं आठवणार नाही.

पप्पा जेवताना म्हणाले, "नर्सिंगच कशाला पायजे? मुक्तमधून बी.ए. कर. मंचरला केंद्र हाय. रविवारी तास, बाकी घरी. बाहेरून केलेलं पण चालतंय आता सगळीकडं."

म्हटलं, आणि दादा?

"त्याचं ऱ्हाऊ दे तसंच. कुनाला काय तरास हाय त्याचा?"

मी बोलले ते असं : "मेलेल्याचं रेग्युलर आणि जितीचं बाहेरून?"

पप्पा भाकरी ताटात ठेवून उठले. आई मला काही म्हणाली नाही, तेच जास्त लागलं. शब्द परत घेता येत नाहीत. पण खोटा होता का? मला राग आहे. दादाचाही येतो. तो गेला आणि त्याच्या जागेवर अजून तोच बसलाय, मला सरकायला जागा नाही. हे कोणाला सांगायचं, आपलेच दात आपलेच ओठ.

१२ जुलै, शनि.

काही नाही. पप्पा बोलत नाहीत. मीही नाही.

१४ जुलै, सोमवार

सकाळी पप्पा स्वतःच म्हणाले, चल जुन्नरला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं सुटलं एकदाचं. आईनं डबा दिला, जसा दादाला द्यायची.

कॉलेजच्या गेटातून आत गेल्यावर पप्पा थांबले. पार्किंगमध्ये मुलं गाड्या लावत होती. बराच वेळ बघत राहिले. मी हात धरला तेव्हा चालले.

खिडकीवर जाऊन रद्दचा अर्ज काढलाच नाही. विचारलं, "मॅडम, खंड पडला असं टाकता येतंय का? मेसेज आलाय तिसऱ्या वर्षाचा, म्हणून."

मॅडमना काही सुधरेना. नियम सांगत गेल्या. खंड घेता येतो. अर्ज द्यायचा, नोंदणी चालू राहते, मुदतीच्या आत विद्यार्थी परत येऊन पुढचं शिकू शकतो.

"म्हंजे नाव ऱ्हातं?"

"राहतं."

"किती वर्सं?"

मॅडमनी पप्पांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. रांगेतली पोरं मागून ढकलत होती. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, किती वर्षं राहून काय करायचंय? पोरगी उभी आहे शेजारी. तिचं बघा."

पप्पा म्हणाले, "बरं." बाहेर आलो. झाडाखाली बसून डबा खाल्ला. मेथीची भाजी. त्यांनी अर्धी भाकरी मला दिली, म्हणाले, "इथंच बसून खायचा का गं तो?" म्हटलं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही त्याला.

सही नाहीच.

१६ जुलै, बुधवार

पप्पांनी एका मोटारीचं वाइंडिंग उलटं भरलं. गिऱ्हाईक परत घेऊन आलं, विहिरीवर नेऊन लावली तर उलटी फिरली. असं आजवर झालं नव्हतं. त्या माणसाला काही बोलता आलं नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. चहा पिऊन गेला बिचारा.

पाच दिवस राहिलेत. मी आईला म्हणाले, तूच बोल त्यांच्याशी.

१८ जुलै, शुक्रवार

आई बोलली.

मी ओसरीवर होते, आत दोघं. आई आवाज चढवत नाही कधी. आजही नाही. "तुमी त्याचं नाव कालिजात ठेवलं, म्हून तो येनार हाय का?"

मग परत आईच :

"मी दोघांची आई हाय. तुमी एकाचंच बाप हाय का?"

मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. पप्पा बाहेर आले, माझ्यासमोरून गेले, चपला घातल्या आणि हायवेच्या बाजूला निघून गेले. मी मागे गेले नाही. तिथंच जातात, दादाची गाडी पडली होती त्या जागेवर. काही करत नाहीत. गाड्या बघत उभे राहतात.

मला त्यांचा राग येत नाही आज. आला असता तर सोपं गेलं असतं.

२० जुलै, रविवार

सकाळी वंदनेला पप्पा आले. विहारात. मागच्या ओळीत बसले, पण आले. आईच्या तोंडावर वेगळंच तेज.

घरी आल्यावर म्हणाले, "सुजा, आन तो अर्ज. पेन पन आन."

मी सगळं भरून ठेवलं होतं. नाव, वर्ग, पत्ता. मृत्यूचा दाखला मागे पिन मारून जोडलेला. फक्त कारण आणि सही राहिली होती. कारण मी भरणार होते, म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी भरतो. बापाचं काम हाय ते." दुकानात घेऊन गेले, चांगला तासभर. आई म्हणाली, तू जाऊ नको तिकडं. गेले नाही.

परत आले ते डोळे लाल, पण चेहरा मोकळा. अर्ज घडी करून पाकिटात घातलेला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी. "लवकर निघ उद्या. व्हय, आनि नर्स झाल्यावर पयला बीपी माझा बघायचा." आई हसली. मी पाया पडले. दुपारी आईनं शेवयांची खीर केली, कोणी म्हटलं नव्हतं तरी.

मी पाकीट आत्ता उघडलं, बॅग भरताना.

सही आहे. पप्पांची, ठसठशीत. कारणाच्या रकान्यात, एकेक अक्षर कोरल्यासारखं : नोकरी लागल्यामुळे.

मृत्यूचा दाखला नाही. पिनेची दोन भोकं तेवढी राहिलीत.

२१ जुलै, सोमवार. कॉलेजच्या बाकावर.

खिडकी उघडायला वेळ आहे अजून.

निघताना पप्पा एसटीपर्यंत आले. मला विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं. ते कंडक्टरला सांगत होते, "पोरीला नीट उतरवा, पुण्याला नर्सिंगला चाललीय." इतके खूश होते. सगळं सांगून टाकल्यासारखे. त्यांना वाटतंय त्यांनी केलं, रद्द केलं, माझं काम झालं. आणि केलंही त्यांनी. जेवढं त्यांच्यानं झालं तेवढं. मी काय विचारणार होते?

नवीन अर्ज घेतला तर सही परत पाहिजे. परत कळंब, परत इथं, मग पुण्यात पाचच्या आत पोचणं होत नाही. आणि पोचले तरी ती सही दुसऱ्यांदा कशी मागू?

बॅगेत दाखल्याची झेरॉक्स आहे. व्हाइटनरची बाटलीही आहे, सकाळी निघताना टाकली. रकाना लहान आहे. पुसला तर कोणाला कळणार नाही. पप्पा कधी बघणार नाहीत. पण त्यांनी त्याला नोकरी लावली, आणि मी परत...

जीपमध्ये शेजारी एक मावशी होत्या, ओतूरच्या. कुठं चाललीस, काय करतेस, सगळी चौकशी. मग घरी कोण कोण असतं विचारलं.

"आई, पप्पा."

"भाऊ न्हाई व्हय?"

"आहे की. पुण्याला असतो. नोकरी लागली त्याला."

"लई ब्येस झालं," म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. पुढच्या फाट्यापर्यंत वाटत राहिलं.

मॅडम आल्या. खिडकी उघडतायत. मला ओळखलं त्यांनी, हातानं बोलावतायत.