एक्स्ट्रा फिटिंग

बाबा, तुमचा बसचा गेम आज चालू केला. नायगावची खोली पुढच्या आठवड्यात रिकामी करायची आहे, चाळ पाडून टॉवर होणार, आणि सामान बांधताना आई पलंगाखालच्या जुन्या कॉम्प्युटरपाशी येऊन अडली. "ह्याचं काय करू? भंगारात देऊ? की ह्यांची गाडी चालू होते का बघतेस एकदा?" मी म्हटलं, बघते काय, करतेच. लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर मीच सुरू करून देते. एका जुन्या गेमला कोण घाबरतंय?

मूळ गेममध्ये परदेशातली पांढरी बस होती आणि ड्रायव्हर डावीकडे बसायचा. मी कॉलेजात असताना लोकांनी बनवलेले मॉड इंटरनेटवरून उतरवून त्यात एकेक घालत गेले. लाल रंग, आपल्याकडचा हॉर्न, उजवीकडचं स्टिअरिंग. तुम्ही त्यांना एक्स्ट्रा फिटिंग म्हणायचात. सगळी नोकरी डेपोत फिटर म्हणून बसच्या पोटाखाली गेली, रस्त्यावर बस चालवायला कधी मिळाली नाही, ती तुम्ही खोलीत बसून चालवायचात. ड्यूटीवरून येता, हात धुता, चहा बाजूला ठेवून खुर्चीत बसता. पिवळा दिवा दिसला की ब्रेक. मागे कोणी नसलं तरी आरशात बघणार. मी हसले की म्हणता, "हस तू. माझ्या गाडीवर एक ओरखडा दाखव."

आणि एका संध्याकाळी तुम्ही बस पुलावर चढवली आणि स्क्रीन काळा झाला. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, तरी मी ओरडले, "तुम्ही काहीतरी दाबलंत! येत नाही तर हात कशाला लावता?" तुम्ही एवढंच म्हणालात, "मी काही केलं नाही गं," आणि उठलात. मी गेम पुन्हा टाकला, तरी पुलावर गेलं की काळाच. झालं, तुम्हीच काहीतरी बिघडवलंत अशी माझी खात्री पटली. नंतर कितीदा बोलावलं तरी तुम्ही त्या खुर्चीत बसला नाहीत. चार वर्षांनी गेलात, त्यालाही आता बारा वर्षं होतील.

आज मी तुमच्या पद्धतीने काम केलं. इंजिन खोलताना तुम्ही पेपर पसरून काढलेला प्रत्येक नट त्यावर ओळीने मांडायचात, तसं. आधी तुमचा सेव्ह केलेला प्रवास वेगळा ठेवला, मग गेम काढला. गेम काढला तरी मॉडचं फोल्डर मागे राहतं, ते हाताने उचलावं लागतं. तेव्हा हे मला माहीत नव्हतं, म्हणून गेम वरून कितीदा टाकला तरी खराब तुकडा आत तसाच राहायचा. आता सगळं साफ करून सीडीवरून कोरा गेम टाकला. पांढरी बस पूल झोकात ओलांडून गेली. मग एकेक फिटिंग तारखेच्या क्रमाने लावून बघितलं. रंग ठीक, स्टिअरिंग ठीक, हॉर्न ठीक. शेवटचं होतं पुलावरचे दिवे. परळच्या पुलावरच्यासारखे दिसावेत म्हणून मी, स्क्रीन काळा झाला त्याच दिवशी दुपारी, घातले होते, तुम्हाला गंमत दाखवायला, न तपासता. ते लावले आणि स्क्रीन काळा.

ऑफिसात कोणीही तक्रार घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, शेवटचं काय बदललंत? तो मी स्वतःला कधी विचारलाच नाही. बाबा, तुम्ही खरंच काही केलं नव्हतं. मला माफ करा.

दिवे काढून टाकले, बाकी सगळं राहू दिलं. तुमचा प्रवास लावला तर लाल बस पुलाच्या अलीकडे सिग्नलला उभी होती. आईला हाक मारली. ती चष्मा पुसून स्टुलावर बसली, बस पूल उतरून पलीकडे जाईपर्यंत हलली नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ह्यांनी बिघडवलेली, पण तू नीट केलीस हो."

आणि मी हो म्हटलं.