आपल्या चिन्हाचा डबा

अमरावती,
जानेवारी १९६७

प्रिय धर्मपाल,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दूध उतू गेलं, आणि काल एका गिऱ्हाइकाच्या पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. पक्षाचे केशवराव अकोल्याला येऊन 'तुमच्या भाऊजींची, जानरावांची जागा आता तुम्हीच लढवा' म्हणाले, आणि तू लगेच कलेक्टर कचेरीतली नोकरी सोडायला निघालास. वर मलाच विचारतोस, ताई, जागा निघेल का? पंचांग सोडून आपल्याला दहा वर्षं झाली, तरी तू माझ्याकडे भविष्य मागतोस.

भविष्य मला ठाऊक नाही, पण या जागेचं मागचं सगळं मी घरात बसून पाहिलं आहे. बावन्न साली तुझे भाऊजी पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. सत्तावन्नला मुंबई राज्यात, बासष्टला महाराष्ट्रात. घर तेच, फ्रेजरपुऱ्यातलं. राज्यं तेवढी बदलत गेली आणि तुझे भाऊजी प्रत्येक राज्यात पडले. पहिल्यांदा सपाटून पडले. दुसऱ्यांदा बडनेऱ्याच्या गिरणीतले कामगार आपल्याकडे वळले, इतवाऱ्यातले थोडे दुकानदारही, आणि फरक निम्म्यावर आला. तिसऱ्यांदा राजापेठेतल्या शिकल्यासवरल्यांनीही हात दिला. मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत आपण पुढे होतो. कोणीतरी हौसेने बँडवाले बोलावून ठेवले होते. संध्याकाळी त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं.

त्या पराभवाची कारणं केशवराव अजून चौकात सांगत असतात. जात, पैसा, समोरच्यांच्या जीपगाड्या. खरं कारण मला पुढे पार्बताबाईच्या घरी कळलं. पार्बताबाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामाला जाणारी. तुला आठवत असेल, आधीच्या दोन्ही निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराचा डबा वेगळा असायचा. त्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपला डबा ओळखायचा आणि कागद आत टाकायचा. बासष्टला ते गेलं. डबा सगळ्यांचा एकच, आणि कागदावर जिथे आपलं चिन्ह असेल तिथे शिक्का मारायचा. सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या, गळे बसले, पण गल्लीतल्या बायांना हे बसून समजावून सांगायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पार्बताबाई मला मोठ्या अभिमानाने सांगत होती, "आपला डबाच नोहोता तं कोनाच्याई डब्यात काहून टाकू? मी कागद पदरात बांधून घरी आनला." तिच्यासारख्या कितीतरी जणींनी तेच केलं. बाकीच्यांनी शिक्क्याऐवजी अंगठे उमटवले. जेवढ्या मतांनी आपण पडलो, त्याहून जास्त मतं नुसती बाद झाली होती. तुझ्या भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले, आणि मग जेवले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले.

तेव्हापासून मी काय करते ते तुला कधी लिहिलं नाही. तू हसला असतास. भेंडीचं देठ कापायचं, निळीत बुडवायचं, जुन्या वर्तमानपत्रावर चिन्हं काढायची आणि बायांना शिक्के मारायला लावायचे. पहिल्या पहिल्यांदा त्या सगळ्याच चिन्हांवर मारत, कोणाचं मन दुखवायला नको म्हणून. पण शिकल्या. मागच्या नगरपालिकेला आमच्या भागातली बाद मतं बोटावर मोजण्याइतकी निघाली. केशवरावांना याचं काही नाही. ते म्हणतात, सहानुभूतीची लाट आहे. लाट कसली रे, माणूस जाऊन चार वर्षं होत आली.

तेव्हा जागेचं विचारशील तर गिरणी आपली आणि इतवारा अर्धा आपला. राजापेठ कुंपणावर बसलेली आहे. नांदगावकडची खेडी पाटील सांगेल तिकडे जातील. बाजू उलटवतील त्या गल्ल्यांतल्या बाया, आणि त्या तुला ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी तू अकोल्याचा पाहुणा आहेस.

रविवारी आपल्या घरी बैठक झाली. केशवराव सांगत होते, जानरावांच्या नावावर मतं पडतील, म्हणून त्यांच्या घरचा माणूस हवा. मी चहा देत होते. पार्बताबाई दारात बसली होती. तिथूनच म्हणाली, "शिक्का माराले मनकर्णानं शिकवलं. नावबी तिच्याच नवऱ्याचं. मंग मनकर्णाच काहून नाई उभी राहत?" केशवरावांनी कप खाली ठेवला आणि बडनेऱ्याच्या सभेचा विषय काढला. मी मात्र तेव्हापासून धड एका जागी बसलेली नाही.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. आज दुपारी मी अर्ज भरून आले. पक्षाचा नव्हे, अपक्ष म्हणून. सूचक पार्बताबाई. अंगठा लावण्याआधी तिने साहेबांना विचारलं, "हा कागद घरी न्याचा नाई न?" साहेब गोंधळले. मीच तिला सांगितलं, हा इथेच ठेवायचा. धर्मा, मला फार भीती वाटते आहे. पडायची नाही, पडणं या घराला नवं नाही. भीती तुझी वाटते. म्हणून सांगते, राजीनामा देऊ नकोस. आणि तरी दिलास, केशवरावांचं तिकीट घेऊन माझ्यासमोर उभा राहिलास, तर मी अर्ज मागे घेणार नाही. तुझ्या विरोधात गल्लोगल्ली भेंडी कापत फिरेन, तुला पाडेन, आणि निकालाच्या दिवशी घरी जेवायला बोलावीन.

निकालाआधी आणि निकालानंतरही
तुझीच,
मनकर्णाताई