शेंदराचा दगड आणि चैतालीचा प्रश्न

चि. सुहास यास,

सोमाटण्याहून आबाचे पोटभर आशीर्वाद. तुझं पित्त कसं आहे? माझे गुडघे कुरकुरतात, बाकी खुशाल.

"आबा, आमच्या चैतालीच्या डोक्यातलं तत्त्वज्ञान काढा, कॉम्प्युटरला जाऊ दे," असं तू बजावलंस, म्हणून परवा तिला लोणावळ्यावरच्या पठारावर नेलं. (कान उपटायचे तर मोकळ्या हवेत, हा माझा मास्तरकीपासूनचा शिरस्ता.) पण पठार दिसलं की मला चौथीच्या कविता आठवतात. त्या चालीवर म्हणत निघालो आणि भर दुपारी धुक्यानं गिळलं. पायवाट गेली. आपलाच हात परक्याचा वाटू लागला. मी म्हटलेली ओळ मागून कुणीतरी, माझ्याहून बऱ्या चालीत, म्हणत होतं. (चैताली नव्हे. ती पुढे होती.)

शेंदूर फासलेला दगड लागला. नमस्कार करून खुणेला वर रुमाल ठेवला. बरंच चाललो, तर पुन्हा तोच दगड! चकवा लागला म्हणून तो उतरवायला मी उजवी वहाण डाव्या पायात घातली. पोरगी मात्र दगड न्याहाळत होती.

"आबा, हा तोच दगड कशावरून?"

"तोच शेंदूर, तोच आकार!"

"मग रुमाल कुठंय?"

रुमाल नव्हता. म्हणजे दगड दुसरा, चाल सरळ. मग झाडांचं शेवाळ बघत, पाण्याचा उतार धरत (हे विषय तुझ्या मते फालतू) तिनं मला थेट पठाराखालच्या वाडीत, माझ्या जुन्या ओळखीच्या बाया मावशींच्या अंगणात उतरवलं. मी सगळी हकीकत सांगितली.

"दोन देव?" मावशी चुलीपुढून म्हणाल्या. "न्हाई वो आबा. हितं येकच हाय."

मी पुन्हा वहाणा चाचपल्या. चैतालीचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे माझं कुठंतरी चुकलं! परत जाऊन बघू या?"

सुहास, आपलं चुकलं म्हणून एवढं हरखलेलं पोर मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही.

तुझा,
आबा

ता. क. तिला तत्त्वज्ञानच घेऊ दे. जोडीला भूगोल, वनस्पती, आणखी मागेल ते.

ता. क. दुसरा: रुमाल आत्ता कोटाच्या खिशात सापडला! म्हणजे मी तो ठेवलाच नव्हता, आम्ही गोलच फिरत होतो आणि पोरीचं सगळं तर्कशास्त्र माझ्या विसराळूपणावर उभं. एकटाच खूप हसलो. मग घडी उलगडली. आत शेंदूर आहे, अजून ओला. म्हणजे रुमाल दगडावर ठेवला होताच. चैतालीला लगेच धाड. कुणाला काय विचारायचं, ते मला सुचत नाही.