सयाजीची चादर

चि. सयाजीस,

दिवाळीत तुझी पंढरपूरच्या शाळेत बदली झाली, तरी आज मंद्रूपला दहावीच्या निरोप समारंभात तूच गाजलास. आभाराचं भाषण मेहनाजचं होतं. तिला वक्तृत्व मी शिकवलं. कुठं थांबायचं, आवाज कुठं चढवायचा, सगळं माझं. ती अगदी माझ्यासारखी थांबली आणि म्हणाली, "बोलायला मोठ्या सरांनी शिकवलं. पण माझं ऐकून घेतलं ते सयाजी सरांनी."

तुझ्यासारख्या खेळाच्या मास्तरासाठी पोरं रडली. नंतर मी बोललो, तेव्हा टाळ्या कडाडल्या. रडलं कुणी नाही.

वर्गानं तुझ्यासाठी सोलापुरी चादर घेतली होती. मेहनाजनं ती माझ्याच हातात दिली. "तुमीच द्या की सर, भाऊ हायत तुमचे."

समतेवर मी गावोगाव बोललो, सयाजी, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. पण आज वाटलं, तुला थोडं कमी मिळावं.

उन्हाळा लागलाय, घाम निथळतोय, तरी ती चादर पांघरूनच हे लिहितो आहे. पत्र मी पेटीत टाकणार नाही. चादरही एवढ्यात पाठवणार नाही.

तुझा थोरला,
धोंडीराम