चौथा ठराव

१२ एप्रिल १९६४, सांगली
...मंडळाच्या सभेत चौथा ठराव मीच वाचला. जुन्या मालकाच्या चिठ्ठीशिवाय कुणी कुणाच्या दुकानातला माणूस घ्यायचा नाही. सातारा, कराड, सांगली मिळून आम्ही नऊ पुस्तकवाले. जून आला की एकमेकांची माणसं पळवतो. ते थांबेल. साताऱ्याचे शिंदे म्हणाले, "आता आपण एका घरातले." पाचवा ठराव, नोकरांना आजारपणात भरपगारी रजा. त्यालाही टाळ्या. चहा आमच्या दुकानातल्या सदाशिवने वाटला.

१९ एप्रिल
सदाशिवची बायको नर्स. साताऱ्याला बदली होऊन वर्ष झालं. लहान मुलगी तिच्याजवळ. शिंदे त्याला दुकानात घ्यायला तयार.
"मालक, चिठ्ठी तेवढी द्या."
"जून होऊ दे."
"व्हय."
चौदा वर्षं माझ्या दुकानात आहे. गिऱ्हाईक अर्धं नाव सांगतं, हा पुस्तक काढतो. मला एम.ए. होऊन ते जमत नाही.

२ जुलै
जून झाला. म्हणालो, दिवाळी अंक होऊ देत.
"आवं, पोरगी मला वळखंना झालीया."
"मग फोटो पाठव."
शेजारचा कापडवाला हसला. मीही. सदाशिवसुद्धा थोडा हसला. ते बघवेना.

२० जुलै
सदाशिव न सांगता गेला. दोन गिऱ्हाइकं रिकामी परत. तिसऱ्याला मी सातवीऐवजी सहावीची भूमिती दिली.

२३ जुलै
शिंद्यांचं पत्र. "तुमचा माणूस आला. चिठ्ठी नव्हती, ठेवून घेतला नाही. दोन दिवस दुकानासमोर बसून आहे. चिठ्ठी देता का?"
उत्तर लिहिलं: ठराव पाळल्याबद्दल आभारी आहे. बाकी काही लिहिलं नाही. टपालपेटीपर्यंत स्वतः गेलो.

२६ जुलै, कराड
मंडळाची बैठक. 'आपण आणि आपले नोकर' यावर अर्धा तास बोललो. चांगलं झालं. शिंदे खाली बघत होते. नंतर एस.टी. स्टँडवर त्यांनी हात धरला. "द्या की हो. तुमचं काय जातंय?"
"एकाला दिली की सगळे मागतील."
खरं कारण ते नाही. तो साताऱ्याला सुखात राहील आणि मी इथे

२९ जुलै
दुपारी सदाशिव दारात. दाढी वाढलेली.
"मालक, पुन्हा कामावर घेता का?"
"जुन्या मालकाची चिठ्ठी आणलीस?"
त्याला कळायला वेळ लागला. "जुनं मालक तुमीच की."
"मग माझ्याकडे माग."
कापडवाला ऐकत होता, हे मला ठाऊक होतं. सदाशिवने हात जोडले. मागितली. भर बाजारात, मोठ्यानं.
म्हणालो, "उद्या बघू."

३० जुलै
सकाळी आठला सदाशिव आला. दुकान झाडलं, फळ्या पुसल्या. चिठ्ठीचं त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.